हवालदारांच्या तोंडवळ्याची बाहुली

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी मी नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवायच्या कामाला लागले. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमचे हे नगरात प्राथमिक शाळेत शिक्षक. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. माझं माहेर पारनेरकडचं. शाळेत असताना मी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास झाले होते आणि ते सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी घालून सासरी आणलं होतं. साड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास लागू नये म्हणून मी ते मधे अंथरायची, एवढाच त्याचा उपयोग. एक दिवस हे शाळेतून बातमी घेऊन आले, की नागापूरच्या नव्या वसाहतीत कुणी एक जण प्लॅस्टिकच्या बाहुल्या करतोय आणि त्याला ब्रश धरता येणाऱ्या बायका हव्यात.

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"बाहुल्या? थोराड बाया आता बाहुल्या खेळायला कारखान्यात जायच्या व्हय?"

"खेळायच्या नाहीत आई, रंगवायच्या," हे म्हणाले.

"मग जाऊ दे. पन शेजारीपाजारी सांगू नगा. प्लॅस्टिकचा कारखाना म्हना नुसतं."

त्यामुळे आमच्या गल्लीत कितीतरी दिवस लोकांचा समज होता, की मी बादल्या करते. दोघीतिघींनी तर गळक्या बादल्या घरी आणूनही दिल्या.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. मधोमध भट्टी. भट्टी म्हणजे एका लहान खोलीएवढी लोखंडी पेटी, आणि तिच्यात सरकत आत-बाहेर करणारा एक जाडजूड लोखंडी हात. त्या हाताच्या टोकाला तांब्याचे बारा साचे स्क्रूनं आवळून बसवलेले असायचे. साच्यात ओतायचा द्राव दाट आणि गुलाबीसर होता, म्हणून आम्ही त्याला बासुंदी म्हणायचो. बासुंदी साचा भरून ओतायची नाही, पळीनं मापून थोडीशीच घालायची आणि झाकण लावायचं. भट्टीत तो हात साच्यांना गरागरा फिरवायचा. तापलेल्या तांब्याला आतून सगळीकडं बासुंदी लागत जायची आणि लागेल तिथं धरायची. साचा बाहेर येईतो आत एक पोकळ डोकं तयार असायचं.

हे सगळं मला पहिल्या दिवशी समजावलं ते हवालदारांनी. हवालदार म्हणजे आमचे फोरमन. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात नोकरी घालवून ते पेन्शनीत निघाले होते आणि ही भट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केली होती. गाव खर्डा, बोलणं तिकडचं. उंचेपुरे, नाकाचा शेंडा गोल, हनवटीला खळी, आणि ओठ झाकून दोन्ही गालांवर पसरलेल्या मिशा. भुवया कायम एकमेकींना भिडलेल्या.

"फुगडी अन् कोलांटी, दोन्ही एकदम घालायच्या असत्यात," ते म्हणाले. "साचा नुसता फुगडी घालील तर माल गालाला बसंल अन् टाळू उघडी पडंल. नुसत्या कोलांट्या मारील तर कान न्हाई यायचे. समजलं का?"

"समजलं."

"मग सांगा बरं, काय समजलं?"

मी फुगडी आणि कोलांटी असं दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "हसायलाव कशाला?" मी हसत नव्हते. पण त्यांना समोरचा माणूस कायम हसतोय असाच संशय यायचा. लष्करात बहुतेक ते खरंही असावं.

माझ्या शेजारच्या पाटावर भिंगारच्या एक मावशी बसायच्या. त्यांचं काम डोकी बाहेर काढायचं. तापलेला साचा पाण्याच्या हौदात बुडवून कोमट झाला, की झाकण काढायचं आणि गळ्याच्या भोकात चिमटा घालून डोकं ओढायचं. आता डोकं मोठं आणि गळा लहान. मावशी साचा दोन्ही पायांत धरायच्या, चिमट्यानं आतून पकडायच्या आणि जोर लावायच्या. आधी एक चुरगळलेला गाल बाहेर यायचा, मग दुमडलेलं नाक, मग सगळं डोकं पिळलेल्या फडक्यासारखं. पाटावर पडलं की क्षणभर तसंच राहायचं आणि मग पुक् असा आवाज होऊन डोकं फुगायचं, चेहरा जागच्या जागी यायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे मिटून घेतले. मावशी म्हणाल्या, "बाळंतपणं बघितली न्हाईस व्हय गं अजून? तिथंबी असंच असतं. पुक् तेवढं व्हत न्हाई."

तेव्हाचे साचे मालकांनी मुंबईहून तयार आणलेले होते. मालक तरुण, शिकलेले, गळ्यात कायम मोजपट्टी लटकवलेले. साच्यातला चेहरा कुठल्यातरी परदेशी पोरीचा होता. लांब तोंड, वर वळलेलं नाक. त्या नाकाच्या शेंड्यात हवा अडकून राहायची आणि बरीच डोकी नाकाला भोक पडून निघायची. भट्टीत घालायच्या आधी साचा तीनदा आपटायचा, म्हणजे हवेचा बुडबुडा सुटतो, हा उपाय हवालदारांनीच काढला. भोकं थांबली. पण बाहुल्या खपेनात. मी डोळे निळे काढले, काळे काढले, लाल टिकली लावली. एकीला नाकात नथ काढून पाहिली. नगरातल्या दुकानदारांनी सगळ्या परत पाठवल्या. एकानं कळवलं, की गिऱ्हाइकं म्हणतात, ही पोरगी आजारी दिसते.

"आपल्याकडचा चेहरा पाहिजे," मालक म्हणाले. "गुबगुबीत. घरातलं वाटेल असं मूल."

त्यासाठी त्यांनी शहरातल्या एका मूर्तिकाराला बोलावलं. हा माणूस पिढीजात गणपती करणारा. अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. साच्यात काय चालतं आणि काय अडतं ते समजावं म्हणून मालकांनी त्याला शेडमध्येच कोपऱ्यात पाट आणि शाडूचा गोळा दिला. तीन दिवस तो तिथं बसून होता, आणि तीन दिवस हवालदार त्याच्यासमोर उकिडवे बसून होते.

"नाक लई वर काढू नगा. हवा अडकती."

मूर्तिकार मान हलवायचा.

"हनवटी अशी पायजे. अशी. हिकडं बघा," म्हणून हवालदार स्वतःची हनवटी पुढं करायचे. "माल वघळून आला पायजे, थांबला न्हाई पायजे. गालाला गोलाई कशी, तर ही अशी."

मूर्तिकार वर बघायचा, खाली बघायचा आणि अंगठ्यानं शाडू दाबायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं हात धुतले. शाडूचं बाळ फारच गोड दिसत होतं. मालकांनी हवालदारांना विचारलं, "कसं वाटतं?"

"काई तरी वळखीचं वाटतंय," हवालदार म्हणाले. "घरातलंच लेकरू म्हना."

शाडूवरून मेणाचा नमुना झाला, तो मुंबईला गेला, आणि महिना-सव्वा महिन्यानं तांब्याचे बारा नवे साचे आले. पहिल्या घाण्याला मालक स्वतः हजर होते. बासुंदी ओतली, साचे आपटले, भट्टीत फुगड्या-कोलांट्या झाल्या, हौदात साचे चरचरले. मावशींनी पहिला साचा पायांत धरला. चुरगळलेला गाल आला, दुमडलेलं नाक आलं, डोकं पाटावर पडलं. पुक्.

मावशींनी डोक्याकडं बघितलं. मग भट्टीजवळ उभ्या असलेल्या हवालदारांकडं बघितलं. मग पुन्हा डोक्याकडं.

"अगं बया," त्या म्हणाल्या.

"काय झालं? नाक बसलं का?" हवालदारांनी तिकडून विचारलं.

"न्हाई न्हाई साहेब, नाक लई चांगलं आलंय," मावशी म्हणाल्या. "अगदी शेंड्यापातूर आलंय."

मी डोकं हातात घेतलं. गोल शेंड्याचं नाक. हनवटीला खळी. मिशा काढल्या आणि चाळीस वर्षं वजा केली तर दुसरं कुणीच नव्हतं. मालकांनी ते माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडं धरलं, आणि मग त्यांना एकाएकी ऑफिसात काहीतरी आठवलं. दार लावून घेतल्यावर आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

हवालदार जवळ आले. त्यांनी डोकं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं, अंगठ्यानं दाबून जाडी तपासली, कानामागं बोट फिरवलं. "झकास," म्हणाले. "एक नंबर." आणि स्वतःचंच तोंड त्यांनी परत पाटावर ठेवलं.

मिशीशिवायचं आपलं तोंड माणसाला ओळखू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सांगणार कोण? मावशी म्हणाल्या, "मी न्हाई बाई. माझी दोन वर्षं राहिलीत अजून." कसली दोन वर्षं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

डोळे काढायच्या आधी चेहरा जेमतेम तरी लपत होता. पण मी भुवया काढल्या आणि सगळं संपलं. माझा हात काय करायचा कुणास ठाऊक, दोन भुवया नाकाकडं भिडायच्याच. मी मुद्दाम लांब लांब काढून पाहिल्या. मग ते हवालदार सुट्टीवर असल्यासारखे दिसायचे. शेवटी मी नाद सोडला आणि भुवया येतील तशा येऊ दिल्या. माझ्यासमोर फळीवर ओळीनं डोकी वाळत असायची, सगळी माझ्यावर डोळे वटारून. सुरुवातीला मला रंगवताना पाठ ताठ करून बसावंसं वाटायचं.

मग आम्ही सोकावलो. मावशी साच्यात चिमटा घालताना म्हणायच्या, "या साहेब, बाहेर या. भ्यायचं न्हाई." हवालदार कुणाला रागावून गेले, की ती बाई एक डोकं उचलून त्याचे गाल आत दाबायची आणि सोडून द्यायची. पुक्. मीही एकदा एका डोक्याला बारीकशी मिशी काढली. ते पुसायच्या आत हवालदार आले, म्हणून मी ते पदराखाली धरलं आणि जेवणाच्या डब्यातून घरी नेलं. सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "हा कोन फौजदार?"

गंमत अशी, की बाहुली खपायला लागली. नुसती खपली नाही, तर दुकानदार सायकलवरून नागापूरला येऊन दारात उभे राहायला लागले. पारनेरच्या बाजारात माझ्या आईनं एक घेतली, मी केलेली हे माहीत नसताना. पत्रात लिहिलं, की तुझ्या भाचीनं एक बाहुली आणायला लावली, करडी आहे पण मनाची चांगली वाटते.

हवालदारांना अभिमान वाटायला लागला. हौदाशी उभं राहून ते म्हणायचे, "चेहरा लई भारी घावलाय." आणि एका शनिवारी दुपारी त्यांनी माझ्यासमोर उभं राहून सांगितलं, "ताई, एक बाहुली चांगली निवडून द्या. गावाकडं चाललोय. पोरीला न्यायचीय."

माझा ब्रश रंगात बुडाला तो तिथंच राहिला. मी सगळ्यांत कमी त्यांच्यासारखी दिसणारी बाहुली शोधायला लागले. तशी एकही नव्हती. शेवटी जिच्या भुवया जरा पुसट होत्या ती दिली. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली, तेव्हा पिशवीतून एक गोल नाक बाहेर डोकावत होतं. ते फाटकाबाहेर गेल्यावर मावशी म्हणाल्या, "आता सोमवारी आपन काई इथं नसतो."

रविवार कसा गेला मलाच माहीत. सोमवारी आम्ही सगळ्या जणी लवकर येऊन खाली माना घालून बसलो. हवालदार आले. भट्टी पेटवली नाही. सरळ माझ्या पाटासमोर येऊन उभे राहिले. मालकांनी ऑफिसचं दार बोटभर उघडलं.

"तुमाला सगळ्यांला ठावं हुतं," हवालदार म्हणाले.

मावशींनी रिकामाच साचा पायांत धरला.

"पोरीच्या हातात बाहुली दिली. पोरगी बाहुलीकडं बघती, माझ्याकडं बघती. म्हन्ती, बाबा, हिच्या मिशा कुठं गेल्या? आमची मंडळी तोंडाला पदर लावून आत पळाली. मला काईच समजंना. मग आई आली. तिला डोळ्यानं कमी दिसतंय. तिनं बाहुली घेतली अन् बोटानं तोंड चाचपलं. नाक बघितलं, खळी बघितली." त्यांनी स्वतःची हनवटी चाचपली. "म्हन्ली, हे तर माझं पाच वर्सांचं लेकरू. तुला आता कुठं घावलं?"

मावशींनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"आमच्याकडं फोटो कुठलं? माझा पैला फोटो भरतीच्या कागदावरचा. तवा मिशा फुटल्या हुत्या. त्याच्या आधी मी कसा दिसत हुतो, ते फकस्त तिलाच ठावं. रातभर उशाला घेऊन झोपली. पोरगी रडायला लागली, तरीबी दिली न्हाई."

मग त्यांनी फळीवरचं एक डोकं उचललं, आपल्या तोंडाशेजारी धरलं आणि दुसऱ्या हाताच्या पंज्यानं मिशा झाकल्या.

"सांगा बरं," ते पंज्याआडून म्हणाले. "खरंच दिसतो का?"

आधी मावशींना फुटलं. त्या हसता हसता पाटावरून खाली सरकल्या. मग मला आवरेना, मग सगळ्यांना, आणि ऑफिसातून पुन्हा तो खोकला ऐकू आला. हवालदार पंजा तसाच धरून आम्ही हसायचं थांबायची वाट बघत होते. त्यांचे डोळे बारीक झाले होते. शेवटी ते मला म्हणाले, "एकच सांगायचंय. भुवया जरा सरळ काढत जा. मी काय कायम रागावल्याला असतो व्हय?"

मी म्हटलं, "नाही साहेब."

"मग तशा का काढता?"

मी ब्रश धुवायला घेतला. मूर्तिकाराला मालकांनी निरोप पाठवून बोलावून घेतलं, तर तो गरीब माणूस म्हणाला, "तीन दिवस एकच तोंड समोर होतं. ते हलतही नव्हतं. मी करणार तरी काय?"

मी आठवडाभर भुवया सरळ काढल्या, मोठ्या कष्टानं. तो माल दुकानात गेला आणि दुकानदार तक्रार घेऊन आले, की ही नवी बाहुली मिळमिळीत आहे, आधीची पाठवा. एक आई म्हणे दुकानात येऊन सांगून गेली होती, की जुन्या बाहुलीसमोर बसवलं की पोरगं दूध पितं. मालकांनी हवालदारांपुढं हात जोडले. हवालदार विचार करून म्हणाले, "ठीक हाय. पन माझ्या पोरीसाठी वेगळी करा, हसरी. आईनं तिची घेतलीय." ती बाहुली मी दोन दिवस लावून केली. त्यांनी ती घेताना पहिल्यांदाच मला हसताय कशाला असं विचारलं नाही, खरं तर तेव्हा मी हसत होते.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. खर्ड्याकडच्या विहिरी आटल्या तेव्हा हवालदारांनी बिऱ्हाड नगरला आणलं. आमच्या हौदाचं पाणीही तेच ते फिरवून वापरायचं ठरलं. ते इतकं गढूळ झालं, की मावशी म्हणायच्या, आता साचे गार करायला बुडवतो का घाण करायला. साचे नीट निवायचे नाहीत, डोकी चिकट निघायची आणि ओढताना फाटायची. दिवसाला दोनच घाणे व्हायला लागले आणि आमच्या हाताला बसून राहायचं काम आलं.

अशा एका रिकाम्या दुपारी हवालदारांची आई शेड बघायला आली. हिरवं लुगडं, हातात काठी, नातीचा हात धरून. ती बाई एवढीशी होती, की असा उंचापुरा मुलगा तिचा कसा, हे मला कळेना. हवालदारांनी तिला भट्टी दाखवली, हात दाखवला, फुगडी आणि कोलांटी समजावली. तिनं सगळ्याला "बरं" म्हटलं. मग माझ्या फळीशी आली. डोळे न काढलेली बारा डोकी ओळीनं ठेवली होती. तिनं पहिल्यावर हात ठेवला, नाक चाचपलं, खळीत बोट घातलं आणि हसली. मग दुसरं चाचपलं. मग तिसरं. चौथ्यापाशी ती थांबली आणि तिनं काठीनं फळी शेवटपर्यंत मापली.

"हे समदे तूच?" तिनं विचारलं.

"व्हय आई," हवालदार म्हणाले. "दिवसाला बारा-बाराचे दोन घाणे निघत्यात. पाणी असंल तर सहा."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अरं देवा. मला एक सांभाळताना नाकी नव आलं हुतं," ती म्हणाली, "अन् तू चोवीस करतोस?"

तिला बसायला मावशींनी आपला पाट दिला. हवालदार चहा सांगायला स्वतः फाटकाकडं गेले आणि ते परत येईपर्यंत ती आम्हाला त्यांच्या लहानपणाच्या खोड्या सांगत राहिली. त्यातली एकही मी इथं लिहीत नाही. तसं त्यांनी मला परत आल्या आल्या, चहाचे कप हातात असतानाच, कबूल करून घेतलं होतं.